जागतिक स्तनपान सप्ताह

जागतिक स्तनपान सप्ताह दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट या कालावधीत पाळला जातो. त्याचा आरंभ १९९२ साली झाला. ‘वर्ल्ड अलायन्स फॉर ब्रेस्टफीडिंग ॲक्शन’ (संक्षेपाने ‘वाबा’) ही मलेशियातील पेनांग येथून काम करणारी आंतरराष्ट्रीय आघाडी या सप्ताहाचे संयोजन करते. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अनेक देशांची आरोग्य खाती त्यात सहभागी होतात. आईच्या दुधाचे गुण सांगणे हा सप्ताहाचा सर्वांत ठळकपणे दिसणारा भाग असला, तरी त्याचा मूळ उद्देश तेवढाच नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला रुग्णालयात, घरी, कामाच्या ठिकाणी आणि प्रवासात जे साहाय्य लागते, ते पुरवण्याची जबाबदारी समाजाची आणि शासनाची आहे, ही या उपक्रमामागील भूमिका आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार जन्मानंतर पहिल्या तासाभरात स्तनपान सुरू करावे, पहिले सहा महिने बाळाला निव्वळ आईचे दूध द्यावे (या काळात पाणीही देऊ नये) आणि त्यानंतर पूरक आहारासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे. भारतात १ ते ७ सप्टेंबर या काळात राष्ट्रीय पोषण सप्ताह पाळला जातो. महिन्याचा तोच आठवडा असल्याने दोन्ही सप्ताहांची पुष्कळदा गल्लत होते.

पार्श्वभूमी

जी क्रिया मानवजातीइतकी जुनी आहे, तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय सप्ताह पाळण्याची वेळ का आली, याचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात आहे. हेन्री नेस्ले यांनी १८६७ साली स्वित्झर्लंडमधील वेव्हे येथे दूध व पीठ यांपासून तयार केलेले बालान्न विक्रीस आणले. ज्या अर्भकांना आईचे दूध मिळणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी असे पदार्थ उपयुक्त होते. पुढे मात्र विक्री वाढवायची तर ज्यांना आईचे दूध मिळू शकते अशा बाळांपर्यंतही डबा पोहोचणे आवश्यक ठरले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य देशांतील प्रसूतिगृहांत बाळाला आईपासून वेगळ्या खोलीत ठेवणे आणि घड्याळाच्या काट्यावर दूध पाजणे ही शिस्त रूढ झाली होती. या शिस्तीत आईचे दूध आटत असे आणि बाटली अपरिहार्य होत असे. या परिस्थितीत १९५६ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सात स्त्रियांनी ‘ला लेचे लीग’ ही संस्था स्थापन केली. अनुभवी मातेने नव्या मातेला शिकवायचे, ही तिची साधी पद्धत होती.

आशिया आणि आफ्रिकेत या प्रश्नाचे स्वरूप अधिक गंभीर होते. क्वाशिओरकोर या कुपोषणजन्य विकाराचे वर्णन करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापूर येथील रोटरी क्लबमध्ये भाषण केले. अर्भकांना अयोग्य कृत्रिम दूध देण्याच्या प्रचारामुळे होणारे मृत्यू हे खूनच मानले पाहिजेत, असे त्यांनी त्यात सांगितले. भाषणाचे शीर्षकच ‘दूध आणि खून’ असे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर श्रीमंत देशांतील जन्मदर उतरू लागला आणि कंपन्यांनी गरीब देशांतील बाजारपेठेकडे मोर्चा वळवला. परिचारिकेसारखा गणवेश घातलेल्या विक्रेत्या स्त्रिया प्रसूतिकक्षात जाऊन मोफत डबे वाटत. डबा संपेपर्यंत आईचे दूध कमी झालेले असे. त्यानंतर डबा विकत घ्यावा लागे, तो पुरवून वापरण्यासाठी पावडर पातळ केली जाई, आणि पाणी बहुधा अशुद्ध असे. अतिसार आणि उपासमार हे त्याचे परिणाम होते. बालआरोग्यतज्ज्ञ डॉ. डेरिक जेलिफ यांनी या प्रकाराला ‘व्यापारजन्य कुपोषण’ असे नाव दिले.

बहिष्कार आणि आंतरराष्ट्रीय संहिता

मार्च १९७४ मध्ये ब्रिटनमधील ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेने या विक्रीपद्धतींवर माइक मुलर यांनी लिहिलेली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. स्वित्झर्लंडमधील एका कार्यकर्ता गटाने तिचा जर्मन अनुवाद अधिक जहाल शीर्षकाने काढला, तेव्हा नेस्ले कंपनीने बदनामीचा खटला भरला. १९७६ साली लागलेल्या निकालात कार्यकर्त्यांना नाममात्र दंड झाला. पण न्यायाधीशांनी कंपनीलाही आपल्या जाहिरातपद्धतींचा मुळापासून फेरविचार करण्यास सांगितले. खटला कंपनीने जिंकला खरा, परंतु त्यामुळे हा विषय जगभर पोहोचला. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, अमेरिकेतील मिनियापोलिस येथून नेस्लेच्या उत्पादनांवरील बहिष्काराची चळवळ सुरू झाली. ती १९८४ साली स्थगित झाली आणि १९८८ साली पुन्हा पुकारली गेली.

या दबावाची परिणती २१ मे १९८१ रोजी झाली. त्या दिवशी जागतिक आरोग्य सभेने मातृदुग्ध-पर्यायांच्या विपणनाची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केली. विरोधातील एकमेव मत अमेरिकेचे होते. तीन देश तटस्थ राहिले. संहितेने डब्याच्या दुधाची विक्री थांबवली नाही. जनतेसाठी जाहिरात, मातांना मोफत नमुने, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू आणि वेष्टनावर बाळाचे मोहक चित्र या गोष्टी करू नयेत, असे तिने सांगितले. ती शिफारसवजा होती. तिला कायद्याचे रूप द्यायचे की नाही, हे प्रत्येक देशावर सोडले होते.

इनोसेंटी जाहीरनामा आणि सप्ताहाचा आरंभ

कृत्रिम दुधाच्या जाहिरातीला आळा घातला, तरी ज्या आईला रुग्णालयात कोणी मदत करत नाही किंवा जिला महिनाभरात कामावर परतावे लागते, तिची अडचण सुटत नाही. ही जाणीव १९९० साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे झालेल्या बैठकीत स्पष्टपणे मांडली गेली. बैठकीचे ठिकाण ‘स्पेदाले देली इनोसेंटी’ ही पंधराव्या शतकातील अनाथ अर्भकांसाठीची वास्तू होते. तेथे सोडून दिलेल्या बाळांना शतकानुशतके दूधआया पाजत असत. १ ऑगस्ट १९९० रोजी स्वीकारलेल्या इनोसेंटी जाहीरनाम्याने शासनांसमोर चार उद्दिष्टे ठेवली: राष्ट्रीय समन्वयक व समिती, प्रसूतिगृहांत स्तनपानाच्या दहा पायऱ्यांचे पालन, संहितेची पूर्ण अंमलबजावणी आणि नोकरदार मातांच्या स्तनपानाच्या हक्काला कायद्याचे संरक्षण. मातेने काय करावे, याविषयी या चार उद्दिष्टांत काही नाही. चारही कलमे इतरांनी काय करायचे ते सांगतात.

जाहीरनाम्याच्या पाठपुराव्यासाठी फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘वाबा’ची स्थापना झाली. मलेशियातील ग्राहक चळवळीचे नेते अन्वर फजल यांचा तिच्या स्थापनेत मोठा वाटा होता. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी ‘बालस्नेही रुग्णालय’ उपक्रम सुरू केला आणि १९९२ च्या पहिल्या सप्ताहाचा विषयही तोच होता. १९९३ चा विषय मातास्नेही कार्यस्थळ आणि १९९४ चा संहितेची अंमलबजावणी हा होता. तीस वर्षांनंतरही विषय फारसे बदललेले नाहीत: २०२३ साली नोकरदार पालक, २०२४ साली वंचित मातांपर्यंत साहाय्य पोहोचवणे आणि २०२५ साली टिकाऊ साहाय्यव्यवस्था हे विषय होते. सप्ताहाचे चिन्ह सोनेरी फीत हे आहे. काही देश हवामान वा सुट्ट्यांच्या सोयीने सप्ताह ऑक्टोबरमध्ये पाळतात, तर ब्राझीलमध्ये संपूर्ण ऑगस्ट ‘सोनेरी ऑगस्ट’ म्हणून साजरा होतो.

भारतातील चळवळ

भारतातील चळवळीचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही देशातील या क्षेत्रातील प्रमुख संस्था ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्धा येथे स्थापन झाली. सप्ताहाचे भारतातील कार्यक्रम, आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि कायद्याच्या उल्लंघनावर लक्ष ठेवणे ही कामे ती करते. बालान्न बनवणाऱ्या कंपन्यांकडून निधी न घेण्याचे तिचे धोरण आहे.

शीव रुग्णालयातील मातृदूधपेढी

मुंबईतील धारावीजवळचे लोकमान्य टिळक रुग्णालय ‘शीव रुग्णालय’ म्हणून ओळखले जाते. तेथील नवजात विभागात कमी वजनाची व अपुऱ्या दिवसांची बाळे मोठ्या संख्येने दाखल होत आणि जंतुसंसर्गाने दगावत. विभागप्रमुख डॉ. आर्मिडा फर्नांडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पावडरचे दूध आणि बाटल्या बंद करून मातांना विभागात आणण्याचा मार्ग धरला. ज्या बाळाची आई आजारी आहे किंवा जिला अद्याप पान्हा फुटलेला नाही, त्याचे काय करायचे, हा प्रश्न त्यातून पुढे आला. उत्तर म्हणून २७ नोव्हेंबर १९८९ रोजी तेथे आशियातील पहिली मातृदूधपेढी सुरू झाली. इतर मातांनी स्वेच्छेने दिलेले जादा दूध ६२.५ अंश सेल्सिअस तापमानाला अर्धा तास तापवून निर्जंतुक केले जाते, तपासले जाते आणि उणे २० अंशांना गोठवून ठेवले जाते. पेढीचे दूध हा दुसरा पर्याय असून स्वतःच्या आईचे दूध मिळवून देणे हेच पहिले काम, असे या केंद्रांचे तत्त्व आहे. २०१७ साली केंद्र शासनाने अशा केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, तेव्हा त्यांना केवळ ‘पेढी’ न म्हणता ‘सर्वंकष स्तनपान व्यवस्थापन केंद्र’ हे नाव दिले, ते याच कारणाने.

जाहिरातबंदीचा कायदा

भारताने १९८३ साली आंतरराष्ट्रीय संहितेच्या धर्तीवर राष्ट्रीय संहिता स्वीकारली. तिला कायद्याचे बळ नव्हते. ते १९९२ च्या ‘अर्भक दुग्धपर्याय, दुग्धपान बाटल्या व अर्भक अन्न’ कायद्याने मिळाले. हा कायदा १ ऑगस्ट १९९३ रोजी, म्हणजे स्तनपान सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी, अमलात आला. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी असलेल्या सर्व बालान्नांच्या जाहिरातीवर बंदी आली. डब्यावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापता येत नाही. आईचे दूध हेच बाळासाठी सर्वोत्तम असल्याची सूचना छापावी लागते. मोफत नमुने, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू, वैद्यकीय परिषदांना प्रायोजकत्व आणि विक्रीच्या प्रमाणात कर्मचाऱ्यांना मोबदला, या सर्वांना मनाई आहे. उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. दंडाची ही रक्कम आजच्या कंपन्यांच्या उलाढालीपुढे किरकोळ वाटते.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, शासनाने अधिसूचित केलेल्या स्वयंसेवी संस्थांनाही थेट न्यायालयात तक्रार करता येते. मुंबईतील ‘अकॅश’ या ग्राहक संघटनेने १९९०च्या दशकात या तरतुदीच्या आधारे डब्यांवरील मजकुरासंबंधी नेस्लेविरुद्ध दिल्लीच्या न्यायालयात खटला दाखल केला. तो वर्षानुवर्षे रेंगाळला.

नोकरी आणि मजुरी

मातृत्व रजेचा प्रश्न भारतात स्तनपान सप्ताहाहून कितीतरी जुना आहे. ना. म. जोशी यांनी १९२४ साली केंद्रीय विधिमंडळात मांडलेले विधेयक फेटाळले गेले. मुंबई प्रांतात मात्र १९२९ साली गिरणी कामगार स्त्रियांसाठी प्रसूति-लाभ कायदा झाला. मुंबई विधान परिषदेत १९२८ साली या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, प्रसूतीच्या काळात स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे सांगून त्याला पाठिंबा दिला होता.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन स्तनपान-विश्रांती दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली, म्हणजे ती निव्वळ स्तनपानाच्या सहा महिन्यांशी जुळली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर असणे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ देणे बंधनकारक झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. मात्र त्यांचा लाभ संघटित क्षेत्रातील थोड्या स्त्रियांनाच होतो. शेतमजूर, घरकामगार, वीटभट्टीवरील वा बांधकामावरील मजूर स्त्रीला रजा देणारा मालकच कागदोपत्री नसतो. मराठवाड्यातून साखरपट्ट्यात जाणारी ऊसतोड मजूर स्त्री नवऱ्यासोबत ‘एक कोयता’ म्हणून उचल घेते. तिने काम थांबवले तर खाडा पडतो. तान्हे बाळ फडाच्या कडेला किंवा खोपीत मोठ्या भावंडाजवळ असते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये मिळतात. हंगामाची मजुरी भरून निघण्यास ते पुरत नाहीत.

हिरकणी कक्ष

महाराष्ट्रात सार्वजनिक ठिकाणच्या स्तनपान खोल्यांना ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. राज्य परिवहन महामंडळाची बसस्थानके, शासकीय कार्यालये व रुग्णालये येथे असे कक्ष आहेत. रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी गडाचे दरवाजे बंद झाल्यावर घरी असलेल्या तान्ह्यासाठी रात्री कडा उतरून गेली, आणि शिवाजी महाराजांनी त्या जागी बुरूज बांधून त्याला तिचे नाव दिले, अशी आख्यायिका आहे. नाव समर्पक आहे. फक्त कक्षाचा उद्देश आईला कडा उतरावा लागू नये हा असल्याने, तो कुलूपबंद किंवा अडगळीने भरलेला आढळला की नावातील उपरोध जाणवतो.

डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या सुमारे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनास आल्या, तेव्हा विधानभवनातील अशा सोयीचा विषय चर्चेत आला आणि तेथे हिरकणी कक्ष करण्यात आला. पुढील अर्थसंकल्पीय अधिवेशनात मुंबईच्या विधानभवनातील कक्षात धूळ असून बाळाला ठेवण्याजोगी सोय नसल्याची तक्रार त्यांनी पत्रकारांसमोर केली.

न्यायालयांनीही या प्रश्नात लक्ष घातले आहे. २०१८ साली ‘गृहलक्ष्मी’ या मल्याळम नियतकालिकाने मुखपृष्ठावर स्तनपान देणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र छापले. ते अश्लील असल्याचा दावा केरळ उच्च न्यायालयाने फेटाळला. २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने स्तनपान हा मातेचा अविभाज्य हक्क असून त्याला संविधानाच्या अनुच्छेद २१ चे संरक्षण असल्याचे म्हटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक इमारतींत स्तनपान व बालसंगोपनासाठी जागा राखण्याविषयी राज्यांना स्मरण देण्याचे निर्देश केंद्राला दिले.

घर आणि कुटुंब

‘दूध पुरत नाही’ हे वरचे दूध सुरू करण्याचे नेहमीचे कारण आहे. आईचे दूध बाळ जितके ओढेल तितके तयार होते. वरचे दूध दिले की बाळ कमी ओढते आणि दूध खरोखरच कमी होते. म्हणजे शंकाच स्वतःला खरी करून दाखवते. बहुतेक वेळा दोष दुधाच्या प्रमाणात नसून बाळाच्या पकडीत असतो. केवळ बोंडी तोंडात धरल्याने आईला वेदना होतात आणि बाळाला पुरेसे दूध मिळत नाही. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने योग्य पकड शिकवणाऱ्या ध्वनिचित्रफिती मराठीसह अनेक भाषांत तयार केल्या आहेत.

मराठी घरांतील परंपरा या बाबतीत दुहेरी आहे. माहेरचे बाळंतपण, सव्वा महिन्याची विश्रांती, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांतून बाळंतिणीला आराम, पोषण आणि अनुभवी बाईची सोबत मिळते. पान्हा फुटण्यास मन निवांत असावे लागते, हे आधुनिक शरीरशास्त्रही सांगते. दुसरीकडे पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, ‘जड’ म्हणून काढून टाकणे, जन्मताच मध चाटवणे आणि सहा महिन्यांच्या आत बाळगुटी देणे या प्रथा बाळाला संसर्गाच्या धोक्यात टाकतात. निर्णय अनेकदा सासू, आई किंवा सुईण यांच्या हाती असतो. त्यामुळे समुपदेशन केवळ मातेचे करून भागत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने विकसित केलेली घरोघरी नवजात शिशुसेवेची पद्धत पुढे राष्ट्रीय कार्यक्रमात स्वीकारली गेली. रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्ती ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते आणि स्तनपान नीट होते की नाही हेही पाहते. केंद्र शासनाचा ‘माँ’ हा कार्यक्रम ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाला; अभिनेत्री माधुरी दीक्षित त्याच्या सदिच्छादूत होत्या.

सद्यस्थिती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सहा महिन्यांखालील निव्वळ स्तनपानाचे प्रमाण चौथ्या फेरीतील (२०१५–१६) ५४.९ टक्क्यांवरून पाचव्या फेरीत (२०१९–२१) ६३.७ टक्के झाले. पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या मुलांचे प्रमाण मात्र ४१.६ वरून ४१.८ टक्के, म्हणजे जवळजवळ तेथेच राहिले. याच काळात रुग्णालयांतील प्रसूती ७८.९ वरून ८८.६ टक्क्यांवर गेल्या. बाळ डॉक्टर व परिचारिकांच्या देखरेखीखाली जन्माला येऊनही पहिला तास हुकतो. सिझेरियनचे वाढते प्रमाण, मनुष्यबळाची कमतरता आणि बाळाला आईपासून दूर नेण्याची सवय ही त्याची कारणे सांगितली जातात.

टीका आणि मर्यादा

‘आईचे दूध सर्वोत्तम’ या एकाच घोषणेवर भर दिल्याने, ज्यांना पाजता येत नाही अशा मातांच्या मनात अपराधीपणा निर्माण होतो, अशी टीका सप्ताहावर झाली आहे. गॅलॅक्टोसेमियासारख्या विकारात बाळाला आईचे दूध देता येत नाही. काही औषधोपचारांतही ते थांबवावे लागते. एचआयव्हीबाधित मातांबाबतचा सल्ला औषधोपचार उपलब्ध झाल्यावर बदलला असून, नियमित उपचार घेणाऱ्या मातांना स्तनपानाची शिफारस आता अनेक देशांत केली जाते. दुसरा आक्षेप असा की, सप्ताहाचे कार्यक्रम भित्तिपत्रके, फेरी आणि सुदृढ बालक स्पर्धा यांवरच संपतात, आणि रजा, पाळणाघर किंवा प्रसूतिकक्षातील मनुष्यबळ यांविषयी त्यांत बोलले जात नाही. इनोसेंटी जाहीरनाम्याची चार उद्दिष्टे पाहता हा आक्षेप सप्ताहाच्या मूळ हेतूशी सुसंगतच आहे.

जाहिरातीचे स्वरूपही बदलले आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २०२२ साली आठ देशांतील पालकांच्या पाहणीवर आधारित अहवाल प्रसिद्ध केला. कृत्रिम दुधाचा उद्योग वर्षाला सुमारे ५५ अब्ज डॉलरचा असून समाजमाध्यमे, पालकांसाठीची ॲप आणि मोबदला घेणाऱ्या प्रभावकांमार्फत तो गरोदर स्त्रियांपर्यंत पोहोचतो, असे त्यात म्हटले आहे. १९८१ ची संहिता लिहिली गेली तेव्हा यांपैकी काहीच अस्तित्वात नव्हते. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मातृदुग्ध-पर्यायांच्या डिजिटल विपणनाचे नियमन करण्यासंबंधी ठराव संमत केला.